स्वतःला जपा

ताई, धाकटीचा लांबूनच नमस्कार.

बाबांना आता भरवलेलं गिळता येतं. काळजी करू नकोस.

परवा दवाखान्यात कार्यक्रम होता, घरच्या आजाऱ्याचं सगळं करणाऱ्यांसाठी. बाबांना कुणाच्या गळ्यात घालणार? चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेले. दारातल्या बाई म्हणाल्या, "पेशंटला आत घेत नाही. हे फक्त तुमच्यासाठी आहे." मग आम्ही दोघं बाहेर, उघड्या दाराशी बसलो.

आतले महाशय सांगत होते, "दुपारी तासभर स्वतःसाठी काढा. फुलं बघा." शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती, आयुष्यात कुणाची ओली चादर बदलली असेल तर शपथ. ऐकायला पाच-सहा डोकी, ज्यांच्या घरी सांभाळायला दुसरं कुणी आहे अशांची.

निघताना बाईंनी मला चहाचा मग दिला, 'स्वतःला जपा' छापलेला. मोठे उपकार झाले. बाबा त्यात थुंकतात.

दाजींचा गुडघा कसा आहे? माझी कंबर बरी आहे, फक्त बाबांना उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

तू यायचं म्हणत होतीस ना? येताना काही आणू नकोस. ये, बाबांजवळ बस आणि मला एक दुपार झोपू दे.

तुझी,
धाकटी