बुटांविरुद्ध अर्ज

रवि., २ ऑगस्ट १९५३
हरलो. ओळीने तिसरी मॅच, तिन्हींत आपला गोल शून्य. फौजेतला रिटायर हवालदार कोच म्हणून आला आणि गिरणीच्या फुटबॉल टीमची आघाडीची फळी पार बसली. सगळ्यांना बूट सक्तीचे. काशिनाथ डाव्या बाजूने अनवाणी सुटायचा तेव्हा त्याला अडवायची कोणाची टाप नव्हती. आज चिखलात पाय ओढत होता. बघवेना.
नंतर हॉटेलात खडाजंगी. ऑफिसातला बापू, माझ्यासारखाच कारकून, कोचच्या बाजूचा. "अरे, सगळे बूट घालायला लागले. आपण किती दिवस उघड्या पायांनी खेळणार?" मी म्हटले, बुटांनी गोल होत असते तर चपलांचे दुकानदार चँपियन झाले असते. सगळे हसले.

बुध., ५ ऑगस्ट
काशिनाथला बाळकुमच्या मिठागरातून गिरणीत मीच आणला. अजून बदली कामगारच. दिवाळीला कायम करू म्हणतात, पण खेळ बघून. गोलच नाहीत तर कसला कायम? बायको, दोन पोरे.
म्हणून अर्ज लिहिला, मॅनेजरना, इंग्रजीत. बुटांची सक्ती उठवावी. हॉटेलात भराभर सह्या. बापूचीही, कुरकुरत. इंग्रजी झकास उतरले. दोनदा वाचून दाखवले.

शुक्र., ७ ऑगस्ट
सक्ती उठली! हवालदार गिरणीच्या फाटकाशी भेटला. "पाय तुमचा नाही, म्हणून लिहिलंत." खडूस माणूस.

रवि., ९ ऑगस्ट
३–०. काशिनाथचे दोन, अनवाणी. ओरडून घसा बसला. टीम कोचनेच बुडवली होती, हे आता बापूलाही कबूल.

रवि., १६ ऑगस्ट
कल्याणला मॅच. त्यांच्या बॅकचा बूट काशिनाथच्या डाव्या पावलावर. हाड मोडल्याचा आवाज मैदानाच्या कडेपर्यंत आला. हवालदाराने त्याला पाठीवर घेतले आणि टांग्यात घातले. माझ्याकडे बघितलेही नाही.
पुढे काय झाले मॅचचे, माहीत नाही.

बुध., १९ ऑगस्ट
इस्पितळ. डॉक्टर म्हणतात लंगडेल, दिवसभर उभ्याचे काम जमणार नाही. गिरणीत दुसरे काम कुठले?
काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, बूट असते तर वाचला असतास.
"बूट मीच मांगलेले हवालदाराकडं. मिठागरान पाय मेलेत माझे. खाली काय लागतंय ता समजत नाय."
मग बोलला का नाहीस?
"मना कोनी इचारला? तुमी सायबाला लिवलाव, मी बूट उतरवले."
रागाने नाही म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते.

गुरु., २७ ऑगस्ट
मॅनेजरनी बोलावले. काशिनाथला भरपाई नाही, कामही नाही. बूट दिले होते, त्यानेच नाकारले, असा शेरा. पुरावा म्हणून माझाच अर्ज पुढे सरकवला. तिसरे वाक्य: काशिनाथसह सर्व खेळाडूंची हीच इच्छा आहे.
ते मी ठोकून दिले होते. अर्जाला वजन यावे म्हणून. एकाही खेळाडूला विचारले नव्हते. सांगायला हवे होते. "येस सर" म्हणून बाहेर आलो. स्वतःची किळस वाटते.

रवि., ३० ऑगस्ट
हॉटेलात नवा वाद. कोच नेभळट, अर्जाला भ्यायला नको होता. तीच मंडळी, सह्या केलेली. मी चहा टाकून उठलो.
वाटेत हवालदार. म्हणाला, "त्याने बूट मागितले, हे मी लिहून देतो. पण तुमच्या वाक्यापुढे माझं कोण ऐकणार? ते खोटं होतं, हे तुम्ही लिहा." म्हणजे कारकुनाने साहेबाला खोटे लिहून दिले, हे कारकुनानेच कबूल करायचे. नोकरी राहील? घरी अजून बोललेलो नाही.
घरी आलो तर काशिनाथची बायको पायरीवर. कोरा फुलस्केप घेऊन आलेली. "भाऊ, तुमचा इंग्रजी चांगला. सायबाला दोन ओली लिवा ना आमच्यासाठी." त्याने तिला माझ्या त्या अर्जाचे काही सांगितलेले दिसत नाही.
आत बसवले. तारीख घातली, मॅनेजरचे नाव घातले, पुढे काही सुचेना म्हणून ही वही ओढली. ती समोर बसून आहे. तिला वाटते आहे, मी तिचाच अर्ज लिहितो आहे.