दाताची कड

माय, आज दुपारी जेवायला बसलो, भाकर दुधात कुस्करली आणि ताटाकडं बघता बघता हात तिथंच थांबला. हे ताट माझं नव्हतं, तुझं होतं. शेवटच्या वर्षी तू अशीच खायचीस. भाकर बारीक चुरायची, दूध मुरेपर्यंत थांबायचं, तिखट बाजूला सारायचं. तुझी सून वाढत होती. तिनं ठेच्याची वाटी तेवढी माझ्या ताटापासून लांब सरकवली. तिला त्याची सवय झालेली आहे, हे मला आज दिसलं.

गारखेड्याच्या आपल्या त्या दोन खोल्यांत सकाळचा पहिला वास चहाचा नसायचा, मिसरीचा असायचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि भिंतीला टेकून बोटानं दातांवर फिरवत बसायचं. देवगाव रंगारीला निंदायला जाण्याआधी तुम्ही बायका बांधावर ओळीनं बसून मिसरी लावायचात, तिथून ती तुझ्याबरोबर शहरात आली. मी व्यसन म्हणालो की तुला राग यायचा. "व्यसन तुह्या बापाला होतं. म्या दात घासते." मग इतक्या वेळा दात कोण घासतं, असं विचारलं की हसायचीस. "माझे दात लई हायेत."

मग एकदा कणीक मळता मळता तू म्हणालीस, "दाढ रुतती रं गालात. दवाखान्यात दाखवू का?" मी तेव्हा करमाडच्या रस्त्याला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची लेथ मशीन टाकली होती. कुठल्या कॉलेजात गेलो नव्हतो. डिक्शनरी शेजारी ठेवून ड्रॉइंग वाचायला शिकलो होतो, आणि आपल्याला जमणार नाही असं काही जगात उरलेलं नाही, अशी माझी तेव्हा खात्री होती. "बघू," म्हणालो आणि तुझ्या तोंडात बॅटरी मारली. मागच्या दाढेची कड तुटून धारदार झाली होती. अशी धार दिसली की मला राहवत नाही. नवी बारीक कानस आणली, पाण्यात उकळली, तुला पाटावर बसवलं आणि कड घासून गुळगुळीत केली. तू डोळे मिटून माझं मनगट धरून बसली होतीस. "दवाखान्यात याहून वेगळं काय करतात?" मी म्हणालो. तू चूळ भरलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "माझा लेक डागतर झाला." गल्लीतल्या बायांना ते किती दिवस सांगत होतीस.

त्याच उजेडात, दाढेशेजारी, गालाच्या आतून एक पांढरा चट्टा होता. तो मला दिसला होता, माय. मिसरीनं कातडी पांढरी पडली असेल असं मी ठरवून टाकलं, कारण माझ्या हातात कानस होती आणि कानशीनं जाणारी गोष्ट कड होती. पुढं तो चट्टा फुटला, मग आपण दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पहिलं हेच विचारलं, इतके दिवस कुठं होतात? तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "म्याच आले नाय."

तुझ्यानंतर मी नातेवाइकांत मिसरीवर भाषणं देत फिरलो, खिशात गुटख्याची पुडी ठेवून. तू लावायचीस ती तंबाखू, मी खातो ती सुपारी, मशीनवर डोळा लागू नये म्हणून. असा फरक मी मनाशी पक्का केला होता. आधी ठेचा झोंबायला लागला. मग चूळ भरताना गाल फुगेनात. पोरीच्या साखरपुड्यात तिनं पेढा तोंडाशी आणला, "पप्पा, नीट आ करा ना," तर मी तो हातात घेऊन मोडून खाल्ला आणि साखर कमी करतोय म्हणालो. शेडमधला जुना कारागीर एकदा चहा पिताना बोललाच, "उस्ताद, जबड्याला बी ग्रीस मारा की जरा." सगळे हसले. मीही हसलो, ओठ मिटून.

त्या दिवशी घरी येऊन आरशासमोर आ करून, शेडमधला मापं घ्यायचा व्हर्निअर वरच्या आणि खालच्या दातांमध्ये धरला. अडतीस मिलिमीटर. पस्तीसपर्यंत चालतं, म्हणालो. पुढं तेहेतीस भरलं, तेव्हा तिसाच्या खाली गेलं तर बघू, म्हणालो. नग मापात बसेना म्हणून ड्रॉइंगवरचं माप बदलणारा माणूस मी एक दिवस कामावर ठेवणार नाही. स्वतःच्या तोंडासाठी मी दर वेळी ड्रॉइंग बदलत गेलो, आणि मोजतोय म्हणजे लक्ष आहे, असं समजत राहिलो.

पुडी सोडून पाहिली नाही असं नाही. प्रत्येक वेळी एकट्यानं, कुणाला न सांगता. मशीन एकट्यानं शिकलो, मग पुडी सोडायला कुणाचा हात कशाला? दोन-तीन दिवस जायचे. मग एखादा जॉब बिघडायचा, मजुरावर विनाकारण ओरडायचो, आणि टपरीकडं पाय वळलेले असायचे. टपरीवाला बघून नुसता हात पुढं करायचा. त्याला कधी विचारावं लागलं नाही.

आज ताट तसंच टाकून उठलो आणि मोजलं. तुझी सून दारात येऊन उभी राहिली.

"किती भरलं?"

"चोवीस."

"मग आता किती झाल्यावर जायचं?"

मी म्हणालो, उद्यापासून सोडतो. तिनं व्हर्निअरकडं बघितलं. मग म्हणाली, "आत्याबाईंच्या दाढेलाबी तुम्हीच कानस लावली होती." आवाज चढवला नाही तिनं. ताट उचललं आणि आत गेली. मी नळ सोडून उगाच हात धूत उभा राहिलो. तुला दवाखाना हवा होता, म्हणून तू विचारलं होतंस. मी तुला माझी हुशारी दिली, आणि तू ती कौतुकानं घेतलीस. मलाही इतकी वर्षं तेच औषध चालू आहे.

उद्या सकाळी आम्ही दातांच्या सरकारी दवाखान्यात जाणार आहोत. व्हर्निअर घरीच ठेवणार. आकडा मी सांगणार नाही, तिथं जो असेल त्यानं त्याच्या हातानं मोजावं. एक वाक्य मात्र मलाच बोलावं लागेल. तुझी सून म्हणते, घरी एकदा म्हणून बघा, तिथं गेल्यावर भलतंच काही सांगाल. तिच्यासमोर ते तोंडातून निघालं नाही. म्हणून कुठं पाठवायचा नसलेला हा कागद घेतला, आधी तुला सांगून बघावं म्हणून. माय, माझ्यानं पुडी सुटत नाही. हे लिहितानाही गालात एक आहेच.