पन्नाशीतला मी अजून आलो नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
सोनालीचा फोन. दोन वर्षं आमचं चाललंय, पण तिच्या घरी माझं नावसुद्धा माहीत नाही. म्हणाली, रविवारपर्यंत डोळखांबला ये नि बाबांना सरळ विचार. सोमवारी उंबरमाळीचा मुलगा बघायला येतोय. घाईत निर्णय घेणाऱ्यातला मी नाही. टाइम मशीन कधीतरी निघणारच, व्हिडिओत पाहिलंय. मग पन्नाशीतला मीच मागे येऊन सांगेन, जा की नको. त्याच्या माहितीसाठी: बुधवार, संध्याकाळी पाच, वैशाखरे फाटा, चहाची टपरी. वही जपून ठेवायची, हा संकल्प.

५ नोव्हेंबर, बुधवार
टपरीवर एक टकल्या. कान थेट माझे! विचारलं, काय निरोप? तर म्हणाला, बोकड हाय का इकायला? व्यापारी निघाला. मी काही आलो नाही. म्हणजे सगळं ठीक चाललंय. चूक होणार असती तर धावत आलो असतो.

६ नोव्हेंबर
मावसभाऊ पंकजला सांगितलं. त्याचं म्हणणं, तो येऊन तुझी चूक टाळणार, मग चूकच नाय झाली, मग तो येल कशाला? म्हणून तो कधीच येनार नाय. डोकं गरगरलं. पण बारावीला दोनदा बसलेल्याचं मी मनावर घेत नाही.

७ नोव्हेंबर, दुपार
विचारांती: भविष्य ठरलेलंच असतं. सोनाली माझी असेल तर माझीच. उगाच पेट्रोल कशाला जाळा? तिला फोनवर नीट समजावलं. ती म्हणाली, ठरलेलंच हाय तर येऊन जा ना रे, काय बिघडतंय? मुद्दा चांगला आहे. विचार करतो.
आई भात झोडता झोडता म्हणाली, तुझं म्हंजे दे रे हरी खाटल्यावरी. आईला फिजिक्स नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी शर्टाला इस्त्री. गाडी काढली. फाट्यावर जरा थांबलो. बुधवारी त्याला जमलं नसेल, आज येईल, चुकामूक नको.
संध्याकाळी टपरीवाल्याने बाकडं आत घेतलं. सोनालीचे मिस्ड कॉल. उचलून सांगणार काय, कोणाची वाट बघतोय म्हणून? उद्या बघू.

२३ नोव्हेंबर, रविवार
सोनालीचा साखरपुडा. गेलो. रस्ता काही एवढा लांब नाही. पंगतीत वाढायला माणूस कमी होता, वरण वाढलं. तिचे बाबा म्हणाले, पोरगा कामाचा हाय, कोनाचा रे तू? इंद्रजीत, वैशाखऱ्याचा, म्हटलं. त्यांनी मान हलवली नि भाताकडे बोट दाखवलं. तिने एकदा बघितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. जेवलो. बुंदी चांगली होती.
आज तरी पन्नाशीतल्याने यायचं. निदान सोबतीला. पंकज म्हणतो तसं काही नाही, पन्नाशीतल्या मला मी ओळखतो. तिकडे पन्नाशीत कुठल्यातरी टपरीवर वाट बघत बसला असेल, साठीतला येऊन सांगेल म्हणून, जाऊ की नको.