सुधाकर आत्ता उपलब्ध आहेत

नाशिक,
११ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वहिनींस,
विद्याधरचा शि. सा. न. वि. वि.

अकरा वर्षांनी तुम्हाला पत्र लिहितो आहे. फोनवर तुम्हाला आता ऐकू येत नाही असे विनिताकडून कळले, म्हणून कागद घेतला. अक्षर पूर्वीइतकेच वाईट आहे.

विचारायचे ते विचारतो. माझ्या कॉम्प्युटरवर ओळखीच्या माणसांची यादी आहे. जो कोणी त्या वेळी आपल्या कॉम्प्युटरपुढे बसलेला असतो, त्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका येतो. दादाचे नाव मी यादीतून कधी काढले नाही. वाडीतला माझा हिस्सा बिल्डरला दिला त्याच आठवड्यात त्याने मला ब्लॉक केले. तेव्हापासून त्याच्या नावापुढे काही नसे. फोटोही नसे. परवाच्या सोमवारी दुपारी चार वाजता फोटो परत आला. खाली लिहिले होते, सुधाकर आत्ता उपलब्ध आहेत.

तेव्हापासून तो रोज चारला येतो आणि पावणेपाचला जातो. दादाला जाऊन चौदा महिने झाले हे मला ठाऊक आहे. स्मशानाच्या फाटकाशी मी उभा होतो. तुम्ही पाहिले होते.

हे कसे घडते ते माहीत असेल तर कळवा. नसेल तर शोधत बसू नका.

पूर्वीच्या लोभातला काही उरला असेल तर तेवढा असू द्यावा.

आपला,
विद्याधर


आगाशी,
१८ जानेवारी २०२५

चि. विद्याधर भावजी यांस,
वसुंधराचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला लागेना, म्हणून तो तीन घरे फिरून आला. मी लांबूनच अक्षर ओळखले.

घाबरू नका. ती मी आहे.

माझे कान गेल्यापासून इशिता काय बोलते ते मला कळत नसे. नात दोहाला विनितापाशी, मी इथे. ती ओठ हलवी आणि मी मान डोलवी. म्हणून विनिताने नवा कॉम्प्युटर पाठवला. यात समोरच्याचे बोलणे खाली अक्षरांत उमटते. चालू करून द्यायला विरारहून दुकानातला प्रितेश आला होता. जुना कॉम्प्युटर फक्त नाव विचारायचा, आणि देऊ ते नाव घ्यायचा. नवा तसा नाही. इंटरनेटवर खाते असल्याशिवाय तो आत घेतच नाही. प्रितेशने पुष्कळ खटपट केली, मग मोबाइल नंबर मागितला.

मी यांचा नंबर सांगितला. गॅस, वीज, बँक, सगळे त्यावरच आहे. कोणी नंबर विचारला की माझ्या तोंडून तोच येतो. तो मी बंद केलेला नाही. फोन देवाच्या फळीखाली चार्जिंगला असतो. त्यावर सहा आकडे आले. चष्मा लावून मीच ते वाचून दाखवले. पडद्यावर आले, पुन्हा स्वागत, सुधाकर. प्रितेश म्हणाला, काकी, अकाउंट आधीचंच निघालं, काम झालं. आणि तो गेला.

मग एकेक वस्तू आपोआप येऊ लागली. यांचे फोटो, यांनी जपून ठेवलेली बिले, रक्तदाबाचे आकडे. सकाळी दहाला गोळीची आठवण येते. संध्याकाळी येते, मोगऱ्याला पाणी. वाळलेल्या मोगऱ्याची आठवण यांनी का काढून टाकली नाही, ते मला माहीत नाही.

इशिता शाळेतून आली की मी तिला फोन लावते, ती तुमची चारची वेळ. तिकडे आबांचा फोटो दिसतो, आबा फोन करत आहेत असे लिहून येते. पहिल्या दिवशी विनिता रडली. इशिता रडली नाही. आता ती माझ्याशी थोडे बोलते आणि मग म्हणते, आजी, तू बाजूला हो, आबांना दे. खाली तशी अक्षरे येतात आणि मी ती वाचते.

हे चालू द्यायचे नाही. सगळे पुसून माझ्या नावाने नव्याने करावे लागेल, नवा नंबर घ्यावा लागेल, असे प्रितेश सांगतो. मग ठिपका येणार नाही. तुम्हाला सांगून करावे असे वाटले.

तब्येतीस जपा. चहा फार पिऊ नका, तुम्हाला तो कधीच सोसला नाही.

आशीर्वाद आहेतच.

वसुंधरा


नाशिक,
२५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पुसू नका. निदान महिनाभर थांबा.

तिथे तुम्ही बसता हे आता कळले आहे. तरी चारला मी चहा घेऊन बसतो. गुरुवारी मी त्याला दोन ओळी लिहिल्या. दादा, माझ्यावरचा राग गेला का? एवढेच. दोन मिनिटांनी खाली आले, वाचले. उत्तर आले नाही. तुम्ही वाचलेत की काय झाले, ते मला सांगू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून झालेली नाही. मला ब्लॉक दादाने केले होते, ते काढले असेल तर त्यानेच. तुम्हाला ते जमणारे नाही. टीव्हीचा रिमोट तुम्ही उलटा धरत होता, आठवते ना. म्हणजे जाण्यापूर्वी कधीतरी त्याने ते काढले. मला सांगितले नाही, सांगणारा तो नव्हताच. तुमचा कॉम्प्युटर सुरू झाल्यावर मला ते आत्ता दिसले, इतकेच.

या पंधरा दिवसांत मला झोप लागते आहे. अकरा वर्षांत लागली नव्हती. त्याच्याकडून एक शब्द आला असता तर बरे झाले असते, पण हेही थोडे नाही.

महिनाभर, वहिनी. एवढी माया करावी.

आपला,
विद्याधर


आगाशी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. विद्याधर भावजी यांस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला. तीन कागद फाडले.

तुमच्या ओळी मी वाचल्या. त्या इशिताच्या चेहऱ्यावर येऊन बसल्या, त्या बाजूला सारायला मी बोट लावले आणि त्या उघडल्या. कॉम्प्युटरने ते यांच्या नावावर मांडले. इशिताने फोन ठेवल्यावर मी पुन्हा तिथे आले. हो एवढे एकच अक्षर लिहायला काय लागते. ह शोधला. मग हात मांडीवर घेतला. यांच्या नावाने गॅस मागवते, बिल भरते, ते वेगळे.

तुम्ही लिहिले की तुम्हाला यांनी मोकळे केले. ते वाचून मी शेजारच्या रोवेनाबाईंना बोलावले. त्या शिक्षिका होत्या, त्यांना यातले कळते. त्यांनी एक जागा उघडून दाखवली आणि विचारले, ब्लॉक केलेल्यांच्या या यादीत तुम्ही कधी काही दाबले का. यादीत दोन नावे होती, एक विमा एजंट आणि एक मला माहीत नसलेला माणूस. प्रत्येकापुढे एक बटण.

मला आठवले. प्रितेश गेला त्याच दिवशी मी सगळे उघडून बघत होते. ही यादी आली तेव्हा तिच्यात तीन नावे होती. तिसरे तुमचे. वर इंग्रजीत काही लिहिले होते, ते मी वाचले नाही. इतक्या वर्षांनी या घरात तुमचे नाव लिहिलेले दिसले. मी बटण दाबले. नाव गेले. मला वाटले, यादीतून पुसले गेले, माझे चुकले. कोणाला बोलले नाही.

भावजी, यांनी ते काढले नव्हते. शेवटपर्यंत काढले नाही. इस्पितळात मी नऊ दिवस उशाशी होते. पुष्कळांची नावे घेतली, तुमचे घेतले नाही. मी एकदा तुमचे नाव काढले, तर हे भिंतीकडे वळले.

हे न सांगता राहता आले असते. तुमची झोप मला माहीत आहे. पण मग रोज चारला मी तुमच्यापुढे हे होऊन बसले असते, आणि इशिताच्याही पुढे.

प्रितेश उद्या येतो आहे.

राग धरलात तरी तो माझ्यावर धरा.

वसुंधरा


नाशिक,
१२ फेब्रुवारी २०२५

वहिनींस,
सा. न.

चार तारखेपासून ठिपका नाही.

हो लिहिले असते तर मी मानले असते. आणखी किती वर्षे काढायची आहेत मला? तेवढ्यापुरते ते खरे राहिले असते. हे तुम्हाला कळत होते, तरी तुम्ही लिहिले नाहीत. आठ दिवस मी हे पत्र मनात लिहितो आहे आणि त्यात तुम्हाला फार वाईट बोललो आहे. ते इथे लिहीत नाही.

काल सकाळी दाढी करताना दुसरेच आठवले. विहीर माझ्या हिश्श्यात होती. ती बुजवली जाणार हे मला सही करताना माहीत होते. दादाच्या केळीला पुढे नळाचे पाणी पुरले. गेला तो मोगरा, आणि मोगरा तुमचा होता. पहाटे उठून कळ्या तुम्ही खुडत होता, विरारला फुलवाल्याकडे तुम्ही पाठवत होता. दादा माझ्याशी भांडला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मी तुम्हाला त्यात धरलेच नाही.

दादाला विचारले ते तुम्हाला कधी विचारले नाही. आता विचारतो. तुमचा राग गेला का?

उत्तर कागदावर द्या. तुमच्या अक्षरात.

विद्याधर


आगाशी,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. विद्याधर भावजी यांस,
आशीर्वाद.

नाही. अजून गेलेला नाही. मी तो कोणाला दाखवला नाही, यांनाही नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा आहे. तुम्ही विचारलेत तेव्हा बाहेर काढून पाहिला.

पुढच्या रविवारी या. जेवायलाच या. बोलायचे ते माझ्यासमोर बसून, सावकाश बोला, म्हणजे ओठांवरून मला कळेल. स्टेशनवरून रिक्षा करा. आपल्या घराचे नाव आता रिक्षावाल्यांना माहीत नाही. विहिरीच्या जागी जी इमारत झाली तिचे नाव सांगावे लागते. मीही तेच सांगते. तिच्या फाटकाशी उतरा आणि मागच्या बाजूने चालत या.

वाट बघते.

वसुंधरा