तारेच्या आत शून्य नसतं

मोहाच, जून

प्रिय लोरांत,

इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहितेय आणि तेही रागात. परवा तू आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेचा अध्यक्ष म्हणून आलास आणि परक्या बाईशी मिळवावा तसा माझ्याशी हात मिळवलास. ते मी सोडून दिलं. तुझे केस पिकलेत, पण रुबाब तोच आहे. परीक्षकांना खाऊ घालायची जुनी रीत आमच्याकडे अजून पाळतात, म्हणून माझी विद्यार्थिनी बोरोका, तिच्या आईनं पहाटे उठून चीजचे खारे पाव भाजले होते. ते तू आवडीनं खाल्लेस. चांगले होते ना? मग त्याच तोंडानं तू तिच्या पोरीचं वर्ष बुडवायला निघालास.

बोरोकानं चिठ्ठी उचलली, तिच्यावर विषय निघाला तारेतून वाहणारा प्रवाह. पोरगी धीट. तिनं सांगितलं की बॅटरी जोडली की तारेच्या पृष्ठभागावर भार जमतो, एका टोकाला जास्त, दुसऱ्याकडे कमी होत जाणारा. त्यामुळे तारेच्या आत, तारेच्याच दिशेनं विद्युतक्षेत्र तयार होतं, आणि तार वळली की वळणावर जमलेला भार त्या क्षेत्रालाही वळवतो. मी सुखावून बसले होते. एवढ्यात तू चष्मा वर केलास. "अगं बाई, वाहकाच्या आत क्षेत्र शून्य असतं. आठवीतलं पोरही सांगेल."

"ते भार स्थिर असताना, सर," ती म्हणाली. "आत क्षेत्रच नसेल तर इलेक्ट्रॉनांना पुढे ढकलतं कोण? तुम्ही?"

रसायनवाल्या बाई फिसकन हसल्या. तुझे कान लाल झाले, आणि तुझे कान लाल झाले की काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

लोरांत, तुला हे येत नसतं तर मी गप्प बसले असते. सेगेदला शिकत असताना तुझ्या खोलीत आपण काचेवर वीजवाहक रंगाची पट्टी ओढली होती, दोन टोकांना भलामोठा विद्युतदाब दिला होता आणि वरून तुझ्या आईच्या डब्यातला रवा भुरभुरवला होता. पट्टीवरचे कण सगळे एका दिशेनं, पट्टीच्या लांबीला धरून लागले. तू ओरडलास, "एटेल्का, बघ, आत आहे! आत आहे!" आणि मला उचलून गरागरा फिरवलंस. त्या रात्री मी तुझ्यावर खरंच जीव टाकला. तू बुडापेस्टला मोठ्या जागेवर गेलास, मी इथे मोहाचच्या शाळेत आले, त्याचं दुःख मी केव्हाच आवरलं. पण ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला तू परवा "शून्य" म्हणालास, ते मला सोसवलं नाही.

दार लावून गुण ठरवायचे आणि बाहेर सगळ्यांनी एका तोंडानं बोलायचं, ही आपली रीत. आत तू पाचपैकी दोन म्हणालास. बाकीच्यांच्या नाकात खालून माशाच्या सूपचा वास जात होता, त्यांनी माना डोलावल्या. दोन गुणांवर तिला अभियांत्रिकीला कोण घेणार? म्हणून संध्याकाळी निकाल वाचताना, मुलं रांगेत उभी असताना, मी उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "हा निकाल मला मान्य नाही. पोरीचं उत्तर बरोबर आहे." लगेच लेखी तक्रारही दिली. मोहाचमध्ये असं आजवर कुणी केलेलं नाही. मुख्याध्यापकांनी नंतर समजावलं, "बाई, अध्यक्ष तो अध्यक्ष. तक्रार मागे घ्या, नाहीतर सप्टेंबरात शाळा उघडल्यावर तुमच्या नोकरीचं इथे काय होईल सांगता येत नाही." मी म्हटलं, सप्टेंबरचं सप्टेंबरात बघू.

तक्रार मी मागे घेणार नाही. गुरुवारी सुनावणी आहे. तू कदाचित समजशील की मी तुला विनवायला हे लिहितेय, तर तसं अजिबात नाही. तक्रार करणाऱ्यानं आपल्या बाजूनं एक जाणकार माणूस आणायचा असतो. अध्यक्षालाच आणू नये असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचलं. मी तुझं नाव दिलंय. बोरोका समोरच बसलेली असेल. ये आणि तिच्या तोंडावर सांग, आत काय असतं ते.

तुझीच, भांडायला का होईना,
एटेल्का