अर्थ कोण सांगणार?

नांदेड

तीर्थरूप दादांना वर्षाराणीचा वाकून नमस्कार.

मी मजेत हाय, डबा चांगला येतो. फोनवर तुमच्यापुढं जीभ रेटत न्हाई, म्हणून लिहून राहिले. आईचा गुडघा कसा हाय?

इथं रविवारी दवाखान्यातल्या आम्ही पोरी मिळून पुस्तक वाचतो. परवा पाळी माझी होती. आपल्या देवळात श्रावणात वैजनाथकाका पोथी वाचून थांबतात, मग तुम्ही अर्थ सांगता. त्याच सवयीनं मी एक पान वाचलं अन् थांबले. सगळ्या माझ्याच तोंडाकडं बघू लागल्या.

अफसाना म्हणाली, "अगं, तुला काय वाटलं ते सांग ना."

मी म्हणलं, "आमचे दादा असते तर म्हणले असते..."

"दादांचं राहू दे. तुझं?"

मी पुस्तक मिटून तिच्याच हातात दिलं. तवापासून जिवाला चैन न्हाई. जेवताना, ड्युटीवर, तेच डोक्यात.

उदगीरच्या पाहुण्यांना तुम्ही 'पोरीला स्थळ पसंत हाय' असं कळवलं म्हणे. दादा, मी तर अजून तोंडही उघडलं न्हाई.

रागावू नका. एकदा मला विचारा. सांगायला मला वेळ लागंल, पण मधेच तुम्ही अर्थ सांगू नका.

तुमचीच,
वर्षा