तांदळात लिहिलेलं नाव

सोमवार, १ जून

विम्याच्या ऑफिसातल्या काचेमागच्या चष्मेवालीला मी खोटारडी वाटते. वाटू दे. पण प्राजूसमोर म्हणायचं काय कारण? पोरीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हिरा, विम्याच्या कार्डावर कामगार सुनंदा. "त्या हिराला घेऊन या, अम्मा." म्हणलं मीच हिरा, मीच सुनंदा, लग्नात नाव बदललं. ती शेजारच्या खुर्चीवरलीकडे बघून हसली. इथल्या तमिळ लोकांत लग्न झालं की इनिशियल तेवढं बदलतं. बापाचं अक्षर जातं, नवऱ्याचं येतं, बाईचं नाव जागेवर राहतं. शेजारचीला तमिळमधे म्हणते, दोन नावं चोरांना असतात. मला कळत नाही असं समजली. तमिळमधेच सुनावलं.

विमा भरणाऱ्या कामगारांच्या पोरांना नर्सिंगला राखीव जागा आहेत. त्यासाठी ही धावपळ. लोक दुसऱ्याच्या पोरी आपल्या म्हणून घुसवतात म्हणे. मी तसली. अगं, प्राजूचं नाक बघ, माझंच काढून चिकटवलंय.

पुढच्या शनिवारी, १३ तारखेला, दाखले घ्यायचं बंद.

मंगळवार, २ जून

शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला कारखान्यात पोचते न पोचते तोवर सुपरवायझर मुरुगेसन, "काय अक्का, नावाचा घोळ झाला म्हणे?" याला कुणी सांगितलं? मी पॅकिंगमधे एका बाईला बोलले नाही. याची पोरगी पण बारावी झाली. आमची नावं विम्याला हाच कळवतो. आता कळलं कुठं पाणी मुरतंय ते. दुपारी डब्यातला लिंबूभात पुढं केला. घेतला नाही.

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, बघू. सौकारपेटेत गलाईच्या दुकानात सोनं वितळवतात, आम्लाचा धूर खातात, आणि यांचं नाव कुठल्या दफ्तरात नाही. शेठ गावाकडचा, विश्वासाचा, म्हणून विमा नको. विश्वासावर पोरीला जागा मिळत नाही. राहिली माझी नोंद. ती पण असली.

बुधवार, ३ जून

मुरुगेसनला प्राजूनंच फोन केला होता. कामाचं पत्र मागायला. मला का सांगितलं नाही? "आई, तू भांडली असतीस." भांडलेच असते. त्याच्या पोरीला इंजिनियर व्हायचंय, जागेशी संबंध नाही. पत्र आज शिक्क्यासकट दिलं त्यानं. लिंबूभात परत पुढं केला, घेतला. बरा होता.

तरी लक्ष ठेवायचं.

शुक्रवार, ५ जून

तात्याला फोन. आमचा थोरला भाऊ, गावीच असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या दवाखान्यात. कागद तात्यानंच भरला. मी आत कळा देत होते. विचारलं, आईचं नाव हिरा का सांगितलंस? म्हणाला, तू हिराच की.

म्हणलं, सासरचं नाव तुला माहीत नव्हतं?

"माहीत होतं. तोंडातनं येईना."

विसरला नाही, मुद्दाम केलं. आजीचं नाव होतं हिरा, तेच मला ठेवलेलं. लग्नात ताटातले तांदूळ पसरून यांनी अंगठीनं सुनंदा लिहिलं तेव्हा तात्या मांडवातनं उठून गेला होता, मला वाटलं जेवणाचं बघायला. पोरीची जागा गेली तर याच्या मानापायी. मोठ्यानं बोलले. तो पण बोलला. फोन ठेवता ठेवता म्हणतो, "सुनंदा कुठनं आलं ते दाजींना विचार जरा."

म्हणजे काय?

ठेवला फोन त्यानं.

रविवार, ७ जून

तात्यानं लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला. देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत होती म्हणे, एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. चि. सौ. कां. हिरा, पुढं यांचं नाव, सगळं नीट छापलेलं. प्राजू खूश. मी म्हणलं, खुळे, यात हिराचं लग्न झालं एवढंच दिसतंय. हिराची सुनंदा झाली ते कुठं आहे? ते तांदळात होतं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले.

तात्याला परत फोन लावला. उचलत नाही. त्याचं ते वाक्य डोक्यातनं जाईना.

सोमवार, ८ जून

अर्धी रजा. चष्मेवालीनं पत्रिका पाहिली, मराठी तिला काय कळणार, पण गणपती कळला. आज हसली नाही. विचारलं, तुमच्याकडं खरंच बदलतात? सगळ्या बायकांचं? म्हणलं, सगळ्यांचं नाही. माझ्या जावेचं नाही बदललं.

लिहिता लिहिता तेच मनात आलं. जावेचं नाही बदललं. माझंच का?

वकिलाचं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाली, घेते.

मंगळवार, ९ जून

वकील तरुण आहे, फोनवरच जास्त. हिरा आणि सुनंदा एकच, असं लिहून देतो. मग विचारतो, नाव बदलायचं कारण? ती ओळ भरावीच लागते. प्राजू म्हणाली, कस्टम लिहा, म्हणजे रीत. मी म्हणलं थांब. मी त्याला विचारलं, हिरा नाव परत घेता येईल का? येईल, पण कारखान्याची आणि विम्याची सगळी नोंद सुनंदावर आहे, ती बदलायला महिने जातील. म्हणजे प्राजूला जागा पाहिजे तर मी सुनंदाच. आता कायमची. कागदावर.

प्राजू माझ्याकडं बघत होती. तिचा जीव टांगणीला. म्हणलं, शुक्रवारी येऊन सही करते.

घरी यांना विचारलं. माझं नाव सुनंदा कुणी ठेवलं?

"आईनं."

का?

"पद्धत."

जावेला का नाही पद्धत? टीव्हीचा आवाज वाढवला.

बुधवार, १० जून

यांनी येताना मोगरा आणला. न सांगता. लग्नाच्या वाढदिवसाला कधी आणला नाही. म्हणजे आहे काहीतरी.

तात्यानं आज उचलला. आधी आढेवेढे, मग बोलला. यांच्या मामाची मुलगी. तिच्याशी ठरत होतं, मामानं मोडलं, मोठ्या घरी दिली. तिचं नाव काय? तात्या म्हणाला, "सुनंदाच. मी ऐकलेलं सांगतो, खरं-खोटं तुझं तू बघ." गावातलं ऐकलेलं. तात्याला हे आधीपासूनच आवडत नाहीत, तो काय चांगलं सांगणार. त्याच्यावर पण विश्वास ठेवत नाही मी. पण मोगरा?

त्या मामेबहिणीला मी पाहिलंय. दिराच्या लग्नात. सगळे तिला माई म्हणत होते. खरं नाव कुणी घेतलं नाही, माझ्यासमोर तरी. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

प्राजू भाजी निवडताना म्हणाली, "आई, माझ्या कागदाचं काय करणार आहेस?" एवढंच. वर बघितलं नाही. मी म्हणलं, सही होणार. तुझ्या जागेला मी धक्का लागू देणार नाही. झाला ना विश्वास? मान हलवली. झाला नाही.

वही तुमच्या डब्याखाली ठेवतेय. वाचा.

अहो, सही मी करणार, प्राजूसाठी. शुक्रवारी सकाळी, सुनंदा म्हणूनच, दुसरं काही चालतच नाही. कारणाच्या ओळीत पद्धत लिहीन. वकिलाला तेवढं पुरतं, चष्मेवालीला पुरतं. मला पुरत नाही. कुणाची उतरलेली साडी असेल तरी नेसेन मी, नेसलेच आहे इतकी वर्षं, पण कुणाची ते नेसणारीला कळायला नको?

तांदळात लिहिताना तुमच्या डोळ्यासमोर कोण होतं ते सांगा. आईवर ढकलू नका, त्या आता सांगायला नाहीत. उद्या गुरुवारी कामावरनं याल तेव्हा उत्तर पाहिजे. हो का नाही, काय असेल ते.

बघू म्हणायचं नाही. आणि फुलं आणायची नाहीत.